घासलेला सेनापती

उभ्या जर्मनीत माझ्या साडूंइतका निरुपयोगी विषयात पारंगत झालेला दुसरा मराठी माणूस नसेल, आणि असलाच तर त्याच्या साडूची मला मनापासून कीव येते. आमची ही आणि त्यांची बायको या सख्ख्या बहिणी. ताई थोरली, ही धाकटी. म्हणजे नात्यानं ते मोठे आणि मी लहान, आणि हा मोठेपणा त्यांनी गेली चौदा वर्षं एका दिवसाचीही रजा न घेता बजावलेला आहे. ते उंटरश्लाइसहाइमला राहतात, आम्ही गार्चिंगला. मध्ये गाडीनं पंधरा मिनिटं. आमचं लग्न ठरत असताना साताऱ्याची सासरची मंडळी म्हणाली होती, "परदेशात एकमेकांना आधार होईल." त्या आधारापायी ते पंधरा मिनिटांचं अंतर मला कधीही पुरेसं वाटलेलं नाही.

पेशानं ते मेकॅनिकल इंजिनियर. "आमचे हे मोटारींच्या कंपनीत आहेत," असं ताई सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस इंजिनंबिंजिनं करत असेल. प्रत्यक्षात गेली एकोणीस वर्षं ते मागच्या दाराची बिजागरी करतात. पुढच्या दाराची दुसरा कोणीतरी करतो आणि त्याला काही कळत नाही, असं यांचं मत आहे. एकदा माझी दुर्बुद्धी, मी सहज विचारलं, "बिजागरीत एवढं काय असतं हो?" पानं वाढलेली होती, वरणावर तूप पडलं होतं. साडूंनी मला हाताला धरून आमच्याच स्वयंपाकघरातल्या कपाटापाशी नेलं आणि दार उघडत-मिटत पंचवीस मिनिटं समजावलं. शेवटी स्वतःच "गेनाऊ" म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. त्यांचं हे 'गेनाऊ' समोरचा बरोबर बोलला म्हणून कधी येत नाही. स्वतः बोललेलं स्वतःला पटलं की येतं, आणि ते नेहमीच पटतं. वरण तर निवलंच, पण ते दारही तेव्हापासून नीट लागत नाही.

तरी बिजागरी हा नुसता पोटापाण्याचा उद्योग झाला. त्यांचा खरा धर्म म्हणजे जुनी नाणी, तीही रोमन. यांच्यासारख्या कराडकडच्या माणसानं शिवराई जमवली, एखादा होन मिळवला, तर चारचौघांत आपल्यालाही सांगता येतं. पण यांना शिवराईचं सोयरसुतक नाही. कोण कुठला रोमचा बादशहा, त्यानं आपल्या आत्येबहिणीशी लग्न केलं की मावसबहिणीशी, हे यांना तोंडपाठ, आणि ताईचा वाढदिवस एप्रिलात की ऑगस्टात हे दर वर्षी मला फोन करून विचारणार. नाणी पाहायची तर त्याचा सोहळा असतो. आधी हात साबणानं धुवायचे, ते कोरडे करून त्यांना दाखवायचे, बोटातली अंगठी काढायची, मग टेबलावरच्या मखमलीच्या तुकड्यावर हात आणून नाणं फक्त कडेला धरायचं. नाण्याकडे तोंड करून बोलायचं नाही, कारण थुंकी उडते. नागपूरचा एक गरीब बिचारा पीएच.डी. करणारा मुलगा आमच्याबरोबर त्यांच्याकडे गणपतीला आला होता. त्यानं कौतुकानं नाणं उचललं ते अंगठा थेट राजाच्या नाकावर ठेवून. साडूंनी त्याच्या हातातून ते नाणं असं काढून घेतलं की त्या मुलानं प्रसादाचा मोदकसुद्धा कडेला धरून खाल्ला. पुढच्या वर्षी बोलावलं तर त्याचा निरोप आला, प्रयोगशाळेत काम आहे.

आणि या धर्मातलं सगळ्यांत मोठं पाप म्हणजे नाणं घासणं. धुवायचं नाही, पुसायचं नाही, फुंकर मारायची नाही. मातीत इतकी शतकं पडून नाण्यावर जी झाक चढते तोच म्हणे त्याचा जन्माचा दाखला. ती गेली की नाण्याची अब्रू गेली. हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल याला गणती नाही. एकदा आमच्या हिनं त्यांच्याकडचं एक तांब्याचं नाणं सवयीनं पदराला पुसलं. साडू उठून बाल्कनीत जाऊन उभे राहिले आणि नंतर तीन आठवडे आमच्या घरी जेवायला आले नाहीत. ते तीन आठवडे आम्ही दोघं फार सुखात होतो.

सहा वर्षांपूर्वी या माणसानं गाडी विकली. मोटारींच्या कंपनीत नोकरी, कंपनीच्या सवलतीत घेतलेली छान निळी गाडी, ती विकून हे एस-बाननं, म्हणजे इथल्या लोकलनं, ऑफिसला जायला लागले. ताईला वाटलं, पर्यावरणाचं काहीतरी डोक्यात शिरलं असेल. महिन्याभरानं एका लिलावातून ते एक डबी घेऊन घरी आले. ताईनं विचारलं, "गाडी घेणार होतात ना दुसरी?" तर "ही काय" म्हणून डबी उघडून दाखवली. आत अंगठ्याच्या नखाहून जरासं मोठं सोन्याचं नाणं. त्यांची मुलगी मराठी सगळं समजते आणि जर्मनमध्ये उत्तर देते. तिनं एवढंच विचारलं, यात बसून शाळेत कसं जायचं. तेव्हापासून ताईचा बाजारहाट, मुलीचं पोहणं, विमानतळावरची ने-आण, सगळ्यांचा सारथी मी. गाडी चालवताना शेजारी बसून हे मला नाण्याबद्दल सांगतात आणि मधूनच, "गिअर उशिरा टाकता तुम्ही," असंही सांगतात.

त्या नाण्यावर एक रोमन सेनापती आहे. त्याचं नाव साडू घशाच्या ज्या भागातून काढतात तो भाग मला दिलेला नाही, म्हणून मी आपला त्याला सेनापतीच म्हणतो. हा गृहस्थ दोन हजार वर्षांपूर्वी जर्मनांना नमवायला ऱ्हाईन ओलांडून आला, लढाया मारत पार एल्बेपर्यंत गेला आणि परत फिरताना घोड्यावरून पडून, पाय मोडून मेला. मागे त्याचा एक मुलगा राहिला, तेव्हा तो जेमतेम वर्षाचा. मुलगा अडखळत बोलायचा, पाय ओढत चालायचा, घरच्यांनी वेडगळ म्हणून त्याला बाजूला बसवून ठेवलेला. आणि बाकीचे शहाणे एकेक करून संपल्यावर पन्नाशीला आलेला हाच मुलगा सम्राट झाला. मग त्यानं बापाच्या सन्मानार्थ सोन्याची नाणी पाडली. एका बाजूला बापाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला विजयाची कमान, कमानीवर घोडा आणि घोड्यावर बाप. मी एकदा म्हणालो, "ज्या घोड्यानं जीव घेतला त्याच्यावरच परत बसवलं म्हणायचं." साडू दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेही दोन दिवस बरे गेले.

कमानीवर 'जर्मनांवर विजय' अशा अर्थाची अक्षरं आहेत आणि साडूंचा जीव त्या अक्षरांत फार अडकलेला. कुठल्याही जर्मन कचेरीत टेर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, असला की त्या नाण्याचा फोटो शर्टाच्या खिशात घालून जाणार. खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या की एक कागद कमी आहे, परत या, की हे खिशावर हात ठेवून मंद हसतात. एका बाईंनी यांच्या छातीत दुखतंय असं समजून पाण्याचा ग्लास पुढे केला होता.

आता त्यांच्या फेराइनबद्दल सांगायला हवं. जर्मनीत चार माणसांना एकच वेड लागलं की ती डॉक्टरकडे जात नाहीत, फेराइन काढतात, म्हणजे मंडळ. यांचं नाण्यांचं मंडळ महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी एका गास्टहाऊसच्या मागच्या खोलीत जमतं. वीस-बावीस म्हातारे, दोन म्हाताऱ्या, कॉफी, केक आणि कोणातरी एकाचं व्याख्यान. साडू तिथले एकटे परदेशी आणि साठीच्या आतलेही एकटेच. त्यामुळे खुर्च्या लावणं, प्रोजेक्टरची वायर जोडणं आणि शेवटी खुर्च्या परत रचणं हे काम आपोआप त्यांच्याकडे आलं. नऊ वर्षं त्यांनी खुर्च्या उचलल्या. नऊ वर्षांत त्यांना बोलायला कोणी उभं केलं नाही. दर जानेवारीत व्याख्यानांची यादी लागायची आणि हे घरी येऊन सांगायचे, "यंदा भरली होती." यादी दर वर्षीच भरायची. मी त्यावर भरपूर हसून घेतलं आहे, ते लपवत नाही. पण त्यांना हवं होतं ते एवढंच, की एकदा, एक दुपार, हातातली खुर्ची खाली ठेवून त्या लोकांपुढे जाणकार म्हणून उभं राहायचं. त्यासाठी गाडी गेली होती, आणि त्यासाठीच तो सेनापती घरात आला होता, हे ताईला माहीत होतं आणि ताईकडून मलाही.

आणि तीन वर्षांपूर्वी तो दिवस उगवला. दिवाळीनंतरच्या शनिवारी ज्यांचं व्याख्यान होतं त्या गृहस्थांच्या कमरेची शस्त्रक्रिया निघाली. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त दंतवैद्य. त्यांनी साडूंना फोन करून सांगितलं, तुमचं सोन्याचं नाणं घेऊन या, पाऊण तास बोला. मग काय विचारता. पाच रविवार लागोपाठ आमच्या दिवाणखान्यात तालीम झाली. आमच्या सोफ्याकडे बघून, "आल्झो, बायांनो आणि सज्जनांनो," असं जर्मनमध्ये सुरू करायचे आणि मी कूस बदलली तरी पहिल्यापासून परत. पाचव्या रविवारी ही मला स्वयंपाकघरात म्हणाली, "त्या सेनापतीला घोड्यानं नाही, दाजींनीच मारला असणार."

सासूबाई त्याच सुमारास साताऱ्याहून लेकींकडे दिवाळीला आल्या. वय चौऱ्याहत्तर, अंगानं काटक, आणि हाताला चळ. जर्मनीतल्या सगळ्या गोष्टी त्यांना आवडल्या, एक सोडून. इथे घासायला काही नव्हतं. भांडी यंत्रात जातात, न्हाणीघर गुळगुळीत, फरशी अशी की पाय ठेवायला जीव होत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी यंत्रातून निघालेली भांडी बाहेर काढून परत घासली. दुसऱ्या आठवड्यात ताईच्या देव्हाऱ्यातली तांब्या-पितळेची उपकरणी लखलखीत केली. त्यासाठी लागणारी चिंच आणि रांगोळी त्या साताऱ्याहून बरोबरच घेऊन आल्या होत्या. थोरल्या जावयावर त्यांचा भारी जीव. पहिली गरम पोळी त्यांना, दुसरी मला, आणि त्या दुसरीवर तूपही जरा कमीच, असं मला लग्नापासून वाटत आलं होतं.

लक्ष्मीपूजनाला आम्ही संध्याकाळी पाचला त्यांच्याकडे गेलो. ताईचं सोनं साताऱ्याच्या लॉकरमध्ये. सासूबाई म्हणाल्या, "सोन्याशिवाय लक्ष्मीपूजन कसं करायचं? आणि अंगावरचं काढून ठेवायचं नाही." यावर साडूंनी आपण होऊन कपाट उघडलं आणि ती डबी काढून दिली. मी बघतच राहिलो. ज्या नाण्याकडे बघून आम्हाला बोलायची चोरी, ते पूजेत. व्याख्यान तोंडावर आलं होतं, चार अक्षता पडलेल्या बऱ्या, असा हिशेब असणार. "आई, डबीसकट ठेवा हं," एवढं बजावून हे अंघोळीला गेले. त्यांची अंघोळ ही अर्ध्या तासाची बाब आहे.

सासूबाईंनी डबी उघडली. आत नाणं, आणि त्यावर ती मातीची तांबूस झाक. त्यांच्या दृष्टीनं ते दोन हजार वर्षांचं पारोसं सोनं. असलं सोनं देवीपुढे ठेवायची त्यांची छाती होईना. त्यांनी वाटीत चिंच कोळली, चिमूटभर रांगोळी घेतली आणि ओट्याशी उभं राहून कामाला लागल्या. मी खोटं कशाला बोलू, मला दिसलं होतं. मी झेंडूच्या फुलांवर पाणी मारायला सिंकपाशी आलो तेव्हा त्यांच्या अंगठ्याखाली काय आहे ते मला कळलं. अजून एक बाजू घासायची बाकी होती. तोंडातून एक शब्द काढला असता तर घोड्यावरचा बाप तरी वाचला असता. पण माझ्या मनात आलं, बरी जिरली. अकरा वर्षांची बिजागरी, गिअर आणि गेनाऊ, सगळं त्या एका विचारात होतं. मी फुलं घेऊन बाहेर आलो.

साडू कद नेसून आले. ताम्हणात, तांदळाच्या राशीवर, बाजारात आज सकाळी घेतल्यासारखं ते नाणं झळकत होतं. सेनापतीच्या गालावर, कपाळावर बारीक बारीक ओरखडे, आणि नाकाचा शेंडा जरा बसलेला. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "केवढं काळं पडलं होतं हो. तुम्हाला कुठला आलाय वेळ. म्हटलं, भाषणाला न्यायचंय लोकांत, नीट घासून द्यावं." ताईच्या हातातली वात खाली पडली. मी भिंतीला टेकून वाट बघत होतो. पदराचा एक फटकारा आणि तीन आठवडे अबोला; मग याला काय होणार, याचा मी अंदाज करत होतो. साडू पाटावर बसले. नाणं उचललं, कडेला न धरता, सरळ तळव्यावर घेतलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "छान झालं, आई. मला जमलंच नसतं." आणि नाणं परत तांदळावर ठेवून पूजेला सुरुवात केली. आरतीत त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पूजा झाल्यावर आम्हा तिघांना त्यांनी आतल्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं, "आईंना कोणी काही बोलायचं नाही." बोट माझ्याकडे रोखलेलं होतं.

मी म्हणालो, आजारी आहे म्हणून कळवा. ते म्हणाले, "नऊ वर्षांनी टेर्मिन मिळालाय." शिवाय ते शक्यही नव्हतं. जावयाचं जर्मन लोकांत भाषण आहे हे सासूबाईंनी साताऱ्याच्या अर्ध्या आळीला फोनवरून कळवून ठेवलं होतं, आणि भाषणाला जायची त्यांची इरकली साडी इस्त्री होऊन खुर्चीवर टांगलेली होती.

त्या शनिवारी दुपारी मी सगळ्यांना गाडीत घालून गास्टहाऊसला नेलं. सासूबाई इरकलीवर स्वेटर, पायात मोजे आणि नातीचे खेळायचे बूट अशा थाटात पहिल्या रांगेत बसल्या. त्यांच्या शेजारी दुभाषी म्हणून मी. ताईनं केलेल्या करंज्या केकशेजारी ठेवल्या होत्या. साडूंनी मखमल पसरून त्यावर नाणं ठेवलं आणि रिवाजाप्रमाणे अध्यक्ष ते बघायला पुढे झाले. डोळ्याला भिंग लावून ते नाण्यावर वाकले. जन्मभर लोकांच्या दाढा बघितलेला माणूस, कीड लगेच सापडली. त्यांनी भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. मग खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे घासलं कोणी?"

खुर्च्या करकरल्या. मागचे म्हातारे उठून पुढे आले आणि एकेक जण वाकून बघून मान हलवायला लागला. साडूंनी घसा साफ केला. "मी," ते म्हणाले. अध्यक्षांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "तुम्ही? तुम्ही स्वतः?" साडू म्हणाले, "हो. आज दाखवायचं होतं. चमकावं असं वाटलं." गेली नऊ वर्षं केक कापणारी एक म्हातारी त्यांच्याकडे अशी बघायला लागली की जणू त्यांनी चर्चमध्ये चूळ भरली. अध्यक्ष फक्त, "शाडं," म्हणाले. म्हणजे वाईट झालं. जर्मन माणूस शोकसभेतही याहून जास्त बोलत नाही.

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणतायत?" मी म्हणालो, "नाणं फार चकाकतंय म्हणतायत." त्यांचा चेहरा फुलला. "मग सांगा की त्यांना, मी घासलंय. चिंचेनं निघतं म्हणावं, दुसऱ्या कशाचं काम नाही." आणि मी काही करायच्या आत त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या, हातानं घासल्याची खूण करायला लागल्या. सगळी खोली त्यांच्याकडे बघायला लागली. अध्यक्षांनी मला विचारलं, "या बाई काय सांगताहेत?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. गाडीसुद्धा मागितली नव्हती, हुकूम केला होता. त्या दिवशी मागितलं. मला ओट्यापाशी मनात आलेलं ते वाक्य आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली. मी उठून जर्मनमध्ये म्हणालो, "या माझ्या सासूबाई आहेत. त्या म्हणतायत की जावई असा हात लावून काम करणारा मिळाला, याचा त्यांना अभिमान आहे." हातवाऱ्याशी ते कसंबसं जुळलं. अध्यक्षांनी सासूबाईंना झुकून नमस्कार केला. सासूबाई समाधानानं खाली बसल्या आणि म्हणाल्या, "भले लोक आहेत."

मग साडू बोलले. मी पाच वेळा ऐकलेलं भाषण, ऱ्हाईन, एल्बे, घोडा, सगळं आपापल्या जागी आलं. समोरचे लोक घड्याळाकडे बघत होते, कोणी करंजी चाखून बघत होतं. शेवटी मात्र त्यांनी एक गोष्ट अशी सांगितली की जी आमच्या सोफ्यानं कधी ऐकली नव्हती. ते म्हणाले, "हे नाणं पाडणाऱ्यानं आपला बाप पाहिलेला नव्हता. मला नेहमी वाटतं, त्यानं हा चेहरा कोणाला विचारून करून घेतला असेल? नाक असंच होतं, हे त्याला कोणी सांगितलं असेल?" साडूंची आई ते दहा महिन्यांचे असताना गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. हे मला लग्नानंतर कधीतरी हिनं सांगितलं होतं आणि मी ते ऐकून विसरून गेलो होतो. त्या खोलीत ते आम्हा घरच्यांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मी उगाच प्रोजेक्टरच्या वायरीकडे बघत बसलो.

व्याख्यान आवडलं की तिथले लोक टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी टेबल ठोकतात. त्या दिवशी तीन-चार टेबलं वाजली. सासूबाईंनी विचारलं, "दार कोण वाजवतंय?" प्रश्न एकही आला नाही. एरवी एकेका नाण्याच्या वजनावरून तास-तास भांडणारी माणसं कोट घालून निघून गेली. साडूंनी खुर्च्या रचल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मदत केली, तर म्हणाले, "चारचारच्या चळती करा, पाचची कलते."

नंतरच्या तीन वर्षांत त्यांचं नाव यादीत लागलं नाही आणि आता ते यादीबद्दल घरी काही सांगतही नाहीत. खुर्च्या लावायला मात्र जातात. सासूबाई साताऱ्याला परतल्या आणि शेवटपर्यंत येईल त्याला सांगत राहिल्या, की जावयाचं नाणं त्यांनी घासून दिलं आणि सगळे जर्मन वाकून वाकून बघत होते. गेल्या मार्गशीर्षात त्या गेल्या. आम्हाला तिकिटं मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं.

मध्यंतरी एका रविवारी सकाळी मी साडूंकडे चहाला गेलो होतो. ही गोष्ट मी एवढी वर्षं कोणाजवळ बोललो नव्हतो, पण त्या दिवशी राहवलं नाही. म्हटलं, "आता सांगून टाका ना त्या तुमच्या अध्यक्षांना. तुम्ही घासलं नव्हतं म्हणून. आता कोणाला वाईट वाटणार आहे?"

साडू चहात बिस्कीट बुडवत होते. म्हणाले, "ते अध्यक्ष आता एक्याऐंशीचे आहेत. तब्येत बरी नसते त्यांची. उद्या वर गेले, आईंची गाठ पडली आणि बोलता बोलता बोलून गेले, तर?"

"दंतवैद्याला मराठी कुठे येतं," मी म्हणालो.

"तिथे भाषेचं काय असतं कोणाला ठाऊक," ते म्हणाले, आणि कपाच्या तळाशी गेलेलं बिस्कीट चमच्यानं शोधायला लागले.